सतरावी ओळ

सात रस्त्याजवळच्या आमच्या छापखान्यात
एप्रिलच्या भर दुपारी इराप्पा बिराजदार आले,
बगलेत मेनूकार्डाचा कच्चा कागद.
'सतरावी ओळ मोकळी सोडलीय,' म्हणाले,
'तिथं मासा घालायचाय. नाव चांगलं बघा.'

खोक्यावर इंग्रजीत छापलं होतं: होकी.
न्यूझीलंडच्या गार समुद्रातला,
ऊन जिथवर उतरत नाही तिथं राहणारा;
पाठ निळसर, पोट चांदीचं,
आणि अंग मागं मागं बारीक होत
कांडीवरला दोरा संपावा तसं संपणारं.

मी 'होकी' टाइप केलं.
पहिल्या प्रुफावर बिराजदारांच्या पुतण्यानं
लाल पेनानं चंद्र काढून दिला: हॉकी.
'लोकांना वाचता तरी येईल.'
बिराजदार म्हणाले, 'आणि स्टिक मागतील.'

मग मी नावं शोधत बसले.
एका देशात तो निळा शिपाई,
तोही साधा नव्हे, हातगोळे फेकणाऱ्या पलटणीतला.
कुठं चाबूकशेपट्या.
कुठं लांबच्या भाऊबंदाचं नाव उसनं घेऊन निळा हेक.
आणि तिथल्या मूळ लोकांच्या भाषेत, म्हणे,
होकी म्हणजे परत येणं.
हे वाचून मी थोडा वेळ
कीबोर्डवरचे हात काढून घेतले.

माझे वडील मिलच्या हजेरीपटावर नरसिंग,
घरी तेलुगूत नरसिंहलू,
कन्नड मुकादमाच्या तोंडी नरसप्पा,
आणि मागांच्या खडखडाटात, जिथं नाव ऐकूच यायचं नाही,
तिथं बोटांनी दाखवलेला आकडा: तीनशे बारा.
सगळ्यांना ओ द्यायचे.
कुठल्या हाकेला आधी वळायचे,
ते मी कधी पाहिलं नाही.

संध्याकाळी एक तुकडा डब्यात घालून
मासळी बाजारात केराक्काकडं गेले.
तिच्या पाटीत उजनीची चिलापी, दोन वाम,
एक मरळ अजून तोंड उघडत-मिटत.
तिनं तुकडा उलटा केला, सुलटा केला.
'डोळं न्हाईत, मिशा न्हाईत, खवलं न्हाईत.
शेपूट कुठंय?'
कापलं.
'आन् डोस्कं?'
तिकडंच राहिलं.
'मग बारसं कुणाचं करायलीस गं पोरी?'

चिलापीवर पाणी शिंपडत पुढं म्हणाली,
'हीबी भायेरचीच की. आली तवा कुणी हात लावंना.
आमी चार दिस तिच्या तोंडाकडं बगितलं,
कशी बगती, कशी उडती, चिखलात काय करती,
मग नाव जिभंवर बसलं.
ह्याचं तोंडच न्हाई, तर हाक कुठं मारायची?'

डब्यातला बर्फ तोवर सुटला होता.
पाणी फळीवर सांडलं.
केराक्कानं त्यात बोट बुडवून जिभेला लावलं,
'खारट हाय जरा,'
आणि सुरी फडक्याला पुसून
पुढच्या गिऱ्हाईकाची वाम सोलायला घेतली.

शेवटी बिराजदारांनीच ठरवलं:
पांढरा मासा, फ्राय. तीनशे चाळीस.
लॅमिनेशनचे पैसे त्यांनी रोख दिले.

जूनमध्ये त्यांचा फोन आला.
'मासा कुणी मागंना. खोकी तशीच पडल्यात.
सतरावी ओळ काढा, तिथं पनीर घाला.'

फाइल सापडेना.
होकी शोधलं, शिपाई शोधलं,
पांढरा, निळा, चाबूक,
चंद्र देऊनसुद्धा पाहिलं.
पुतण्या दारात उभा, मोटारसायकल चालूच ठेवून.

मग आठवलं.
त्या रात्री सेव्ह करताना कंप्युटरनं नाव विचारलं
तेव्हा मी काय दाबलं होतं.
तीन, एक, दोन.
आणि ती लगेच आली,
ओ दिल्यासारखी.